डावी बाजू

शालनने स्पीकरची पिन भिंतीतून उपटली, वायर हाताभोवती गुंडाळली आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली. गाणं मध्येच तुटलं.

"रविवारी मी निपाणीला चाललेय. ताईकडं," ती समोर उभी राहून म्हणाली.

"किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हंजे बघू. तुम्हाला घरात माणूस लागत न्हाई, हा डबा लागतोय. ऱ्हावा डब्याबरोबर."

चौतीस वर्षांत ती बहिणीकडे कितीतरी वेळा गेली होती. पण जाताना परतायचा वार सांगून जायची. मंगळवारी येते, दही विरजून ठेवलंय, मांजराला दूध घाला. या वेळी वार नव्हता. मी घाबरलो आणि त्या भीतीचा लगेच राग झाला. माझं तसंच होतं.

"जा की मग! कोण धरून ठेवलंय?"

आत जाऊन तिने कपाटावरची निळी बॅग काढली. तो गुरुवार होता. रविवारपर्यंत हे भांडण मिटवायला माझ्या हातात तीन दिवस होते, आणि भांडण आवाजाचं आहे अशी माझी खात्री होती.

मी धोंडीराम सातपुते. इचलकरंजीत जुन्या लोकांना विचारलंत तर धोंडीजॉबर म्हणून सांगतील. जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं मी तेच केलं. मग आमच्या मालकांनी जुने माग भंगारात काढून बिनधोट्याचे, म्हणजे आडवं सूत घेऊन पळणारा धोटा नसलेले, नवे आणले, आणि माझ्यासारख्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. घर भयंकर शांत वाटायला लागलं. पुण्याहून मुलाने फोनमध्ये गाणी भरून दिली, एक स्पीकर आणला, आणि मी दिवसभर गाणी लावून बसायला लागलो. राग कुठला, ताल कुठला ते मला विचारू नका. गाणं लागलेलं असलं की हातपाय हलत राहतात, एवढंच. आवाज जरा मोठा लागायचा. आता आमच्या गावात सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यात माझं काय वेगळं?

तर मी ठरवलं, हेडफोन घ्यायचा. आवाज माझ्या कानात, शांतता तिच्या घरात, आणि निळी बॅग परत कपाटावर.

मुख्य रस्त्यावर मगदूमबाईंचं मोबाईलचं दुकान होतं. पस्तिशीची, चष्मेवाली, स्वतः गल्ल्यावर बसणारी बाई. मी म्हणालो, बिनवायरचा हेडफोन पाहिजे.

"कुठला दाखवू काका? नेकबँड, इअरबड्स, का डोक्यावरचा?"

"जो कानाला लागतो तो."

"तसं नव्हे. व्यायामाला, कॉलला, का म्युझिकला?"

"गाणी ऐकायला."

"कसली गाणी? बेस जास्त लागतो का?"

"बेस म्हंजे?"

"धडधड."

"चाळीस वर्षं धडधडच ऐकलीय. ती नको."

ती हसली आणि दहा-बारा खोकी काचेवर मांडली. याची बॅटरी चाळीस तास, याची साठ. मी म्हणालो, साठ तास सलग गाणी ऐकायला मला काय गणपतीपुढं बसवलंय? याच्यात पाण्याचा धोका नाही. मी म्हणालो, मी आंघोळीला घालणार नाही. याच्यात बाहेरचा सगळा आवाज बंद होतो.

"बाहेरचा कसला आवाज?"

"म्हणजे घरात कोण बोलत असलं तरी ऐकू येत नाही."

"ते नको," मी म्हणालो. "घरात कोण बोलतच न्हाई."

हे मी चिडून बोललो, पण खोटं नव्हतं. चिडचिड वाढत चालली होती. साधी चप्पल घ्यायला गेलं तर माणूस पायात घालतो, दोन पावलं चालतो आणि ठरवतो. इथे खोकं उघडायचं नाही, कानात घालून बघायचं नाही, नुसते आकडे वाचायचे. माझ्यामागे दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या, त्या मला सोडून एकमेकींना सल्ले देत होत्या. शेवटी मी डोळे मिटून गळ्यात अडकवायचा काळा नेकबँड उचलला आणि घरी आलो.

संध्याकाळी सोफ्यावर बसलो. शालन नेहमीच्या जागी, माझ्या डाव्या बाजूला, वाती वळत बसली होती. ही जागा माझ्या आईने ठरवून दिलेली. लग्न होऊन आलो त्या दिवशी शालन चुकून माझ्या उजव्या हाताला बसली, तर आईने सगळ्यांसमोर तिला उठवलं. "बायकोची जागा डावी. वामांगी म्हणतात ते उगंच न्हाई. उजवीकडं बसायचं ते फक्त पूजेला." शालनने ते असं मनावर घेतलं की आई जाऊन पंधरा वर्षं झाली तरी सोफा असो, पलंग असो, दारातला कट्टा असो, ती डावीकडेच.

मी नेकबँडच्या गोळ्या कानात घातल्या आणि गाणं लावलं. उजवीकडे बाई गात होती, डावीकडे काहीच नव्हतं. अगदीच नाही असं नाही, दूर कुठंतरी माशी गुणगुणल्यासारखं. मी गोळी काढून फुंकली, पुसली, परत घातली. माशीच.

"बिघडलेला दिलाय की गं त्या बाईनं!" मी ओरडलो.

शालनने वातीवरची नजर काढली नाही. ओठ हलले, पण ती अशीच पुटपुटायची अलीकडे, स्वतःशीच. पाच-सहा वर्षं झाली असतील, ही बाई हळूहळू मिटत गेली होती. पूर्वी कसली बोलकी! गल्लीतलं लग्न, भाजीवालीचा मुलगा, तिच्या भावाचं शेत, सगळं माझ्या कानाशी बसून सांगायची. मग कमी झालं, मग थांबलंच. "जेवायला या", "गॅस संपला", "दार लावा" एवढंच उरलं. मी विचारलंही होतं एकदोनदा, काय झालंय तुला? तर माझ्याकडे अशी बघायची की पुढचं विचारायची सोय नसायची.

आणि तरी दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? भाच्याच्या नव्या घराची सत्यनारायणाची पूजा होती. त्याचं लग्न व्हायचं होतं म्हणून पूजेला आम्ही दोघं बसलो. शालन शेजारी, माझ्या हाताला हात लावून. भटजी पोथीची पानं दोन-दोन उलटत होते, तर ही खाली मान घालून म्हणते, "बस चुकंल म्हणून पळवायल्यात." मग म्हणते, "प्रसादात साखर बघा, मुंग्यासुद्धा न्हाई म्हणतील." मी हसू दाबता दाबता पळीतलं पाणी धोतरावर सांडलं. तासभर ती बोलत होती. मला वाटलं, आली परत माझी शालन. घरी आलो, सोफ्यावर बसलो, आणि पुन्हा तेच मुकं तोंड. वाटेत काय बिनसलं ते मला तोवर कळलं नव्हतं.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर उभा होतो.

"डावी बाजू बंद हाय," मी नेकबँड काचेवर आपटला.

मगदूमबाईंनी तो पुसला, स्वतःच्या कानात घातला आणि मान हलवली. "दोन्ही चालतंय काका."

"चालतंय काय? माशी गुणगुणतीय नुसती."

"मला तर क्लिअर येतंय."

"तुम्हाला ऐकू कमी येत असंल."

हे मी म्हणालो. त्या बाईला. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

माझा फोन घेऊन तिने आत कुठेतरी डावं-उजवं समान आहे का ते तपासलं. समान होतं. मग नेकबँड ठेवून घेतला आणि गोळ्यांची छोटी डबी दिली, इअरबड्स म्हणतात ते. मी शहाणपणा करून दुकानाच्या पायरीवरच ते कानात घातले. डावीकडे माशी. तसाच मागे फिरलो.

"हे पण तसलंच! सगळा माल एकाच गोणीतला दिसतोय."

"काका, दोन वेगळ्या कंपन्या आहेत."

"मग दोन्ही कंपन्यांची डावी बाजू करणारा माणूस एकच असंल!"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी हसली. मला वाटलं ती तिला हसताहेत. मला आणखी चेव आला.

"ताई, मला आवाजातलं शिकवू नका. मी जॉबर हाय. चाळीस वर्षं मागाला कान लावून काम केलंय. उजव्या हातात पाना आणि डावा कान असा लोखंडाजवळ नेला की माग बंद न करता सांगायचो, कुठला बोल्ट सैल पडलाय. साठ माग चालू असताना सांगायचो! आणि तुम्ही मला सांगताय, दोन्ही चालतंय?"

"मग तुम्हीच सांगा, दोष कुठाय ते."

"सांगतो की. आमच्याकडं दोष शोधायची एक रीत हाय. मागावर सूत तुटायला लागलं की प्रश्न पडतो, माग वाईट का धोटा वाईट. मग त्या मागाचा धोटा काढून शेजारच्या मागावर घालायचा. सूत तिकडं तुटायला लागलं, म्हंजे दोष धोट्याबरोबर गेला, तर धोटा वाईट. आणि धोटा बदलून पण सूत इथंच तुटत राहिलं, तर माग वाईट. सोपं हाय. दोष वस्तूबरोबर हलतोय का जागेवर ऱ्हातोय, तेवढं बघायचं."

"मग?"

"मग काय, तुमची वस्तू वाईट."

बाई कंटाळल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या या काका. डोक्यावरचा मोठा मागवते. तो दुकानात उघडून, तुमच्यासमोर लावून देते. तो पण नको वाटला तर मात्र माझा नाद सोडा."

घरी आलो तेव्हा शालन साड्यांच्या घड्या बॅगेत भरत होती. पाच साड्या मोजल्या मी. दोन-तीन दिवसांसाठी कुणी पाच चांगल्या साड्या नेत नाही. जेवायला बसलो, ती डावीकडे. आमटी वाढताना तिचे ओठ हलले.

"होय, ते पण खराबच निघालं," मी म्हणालो. "उद्या मोठा देतीय म्हणे."

तिचा पळा हवेतच थांबला. माझ्याकडे टक लावून बघितलं तिने, मग पळा पातेल्यात टाकला, उठली आणि हात धुतले. तिचं ताट तसंच राहिलं. आता यात माझं काय चुकलं? मी तिच्यासाठीच त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवत होतो, आणि हिला ते दिसत नव्हतं. मला इतका संताप आला की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मगदूमबाईंनी माझ्यादेखत खोक्याचं सील फोडलं. मोठा हेडफोन होता, डोक्यावरून घालायचा, दोन्हीकडे मऊ गाद्या. एका गादीच्या आत इंग्रजी एल, दुसरीच्या आत आर. तिने माझ्या फोनला जोडला आणि स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर बसवला. गाणं लावलं.

उजवीकडे बाई, सारंगी, तबला, सगळं लख्ख. डावीकडे माशी.

"काय?" तिने भुवया उचलून विचारलं.

"तेच," मी म्हणालो. "हाच डावा भाग वाईट. थांबा, दाखवतोच तुम्हाला आता. उलटा घालतो. दोष उजवीकडं येतोय का न्हाई बघा."

मी हेडफोन काढला. माझ्या डोळ्यांपुढे तिचा पडलेला चेहरा आधीच उभा होता. हेडफोन फिरवला, आरची गादी डाव्या कानावर, एलची उजव्या कानावर. नीट बसवला.

उजवीकडे बाई, सारंगी, तबला. डावीकडे माशी.

मी परत काढला. अक्षरं बघितली. चुकून पहिल्यासारखाच घातला असेन म्हणून परत उलटा केला, परत सुलटा. चार वेळा केलं असेल. गाणं इकडचं तिकडे, तिकडचं इकडे होत होतं. माशी जागची हलत नव्हती.

मी हेडफोन काचेवर ठेवला. मगदूमबाई माझ्याकडे बघत होत्या. माझीच रीत, कालच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलेली. त्यांना ती आठवत होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"काका, पाणी देऊ?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. पाणी प्यायलो. मला त्यांची माफी मागायची होती. त्याऐवजी म्हणालो, "वस्तू चांगली हाय ताई. बांधा."

"नक्की घेताय?"

"माग वाईट हाय," मी म्हणालो.

घर दुकानापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. मला पाऊण तास लागला. वाटेत नदीवेसच्या एका मारुतीच्या देवळाबाहेर मी बसलो. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तो मला उजव्या कानाने ऐकू आला. तळहाताने उजवा कान झाकला आणि ट्रॅक्टर नुसता दिसायला लागला. हात काढला, लावला, काढला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला वाटलं असेल याचं डोकं फिरलंय.

मग एकेक सुटं होत गेलं. फोनवर मी कधी कान लावून बोलतच नव्हतो, समोर धरून स्पीकरवर ओरडायचो. शालन आतून हाक मारायची ती मोठ्यानं मारायची, ती पोचायची. भांडण आम्ही समोरासमोर उभं राहून करायचो, तेही पोचायचं. मनातलं मात्र माणूस शेजारी बसून, हळू आवाजात बोलतो. आणि शेजारी म्हणजे आईने सांगितलेली जागा. पुटपुटणं नव्हतं ते. बाई सहा वर्षं माझ्याशी बोलत होती आणि मी टीव्ही बघत बसलो होतो. पूजेला उजवीकडे बसली तेवढा तास मला माझी बायको ऐकू आली होती.

मला लाज वाटली. लाजेपेक्षाही राग जास्त आला, आणि या खेपेला तो काढायला समोर कुणी नव्हतं.

घरी गेलो. शालन सोफ्यावर बसून बॅगेची चेन ओढत होती, ती अडकली होती. मी हेडफोनचं खोकं टेबलावर ठेवलं आणि तिच्या पुढून वळसा घालून तिच्या डाव्या हाताला जाऊन बसलो. म्हणजे ती माझ्या उजवीकडे आली.

तिने चेन सोडली. "हे काय? आज पूजा हाय का काय?"

सगळं लख्ख ऐकू आलं. मला रडू फुटलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, हातात रिकामी पिशवी, चप्पल पायातच, आणि भोकाड पसरून रडतोय. ती घाबरली.

"अहो, काय झालं? कुणाचं काय झालं का?"

मी तिला सांगितलं. नेकबँड, गोळ्यांची डबी, उलटा-सुलटा हेडफोन, ट्रॅक्टर, सगळं. डावा कान गेलाय. मागाला लावून लावून गेलाय. कधी गेला ते मलाच माहीत नाही. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता हसेल, मग चहा टाकेल, आणि बॅग कपाटावर जाईल.

ती हसली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मग आईचं पण तुम्ही ऐकलाच न्हाईसा?"

"कुठलं आईचं?"

"माझ्या आईचं. सहा वर्षं झाली. ती गेली त्याच्या आदल्या श्रावणात. हितंच बसून इचारलं मी तुम्हाला. भावाच्या घरात तिचं हाल चाललंय, चार महिनं हिकडं आणू का, म्हणून इचारलं. तुम्ही टीव्हीकडं बघत बसलासा. मला वाटलं, इचार करायल्यात. आठ दिवसांनी परत इचारलं. परत तसंच."

"शालन, मला..."

"मला वाटलं, तोंडानं न्हाई म्हणायला नको म्हणून गप बसलाय. मग म्हटलं, तिसऱ्यांदा कशाला हात पसरू? न्हाई आणलं. पौषात गेली ती."

"अगं, मी हो म्हणालो असतो. एका पायावर हो म्हणालो असतो."

"हां," ती म्हणाली. "पण ते आता कुणाला सांगू?"

सासूच्या तेराव्याला मी पंगतीत वाढत होतो, ते मला आठवलं. शालन तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी म्हणालो होतो, दुःखात आहे, राहू दे.

मग शालन उठली. मला वाटलं, आत निघाली. ती माझ्या पुढून वळसा घालून पलीकडे गेली आणि तिच्या जुन्या जागेवर, माझ्या डाव्या हाताला बसली. हात मांडीवर ठेवले आणि पूर्वीसारखं हळू आवाजात बोलायला लागली.

माझ्यापर्यंत एकही शब्द येत नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्यातून ओठ हलताना दिसत होते, मध्ये एकदा पदर डोळ्यांना गेला, मध्ये बोट माझ्याकडे झालं, मध्ये एकदा तिने कपाळावर हात मारला. मान वळवली असती, उजवा कान पुढे केला असता, तर ऐकू आलं असतं. पण मी मान वळवली नाही. तिला ते त्याच कानाला सांगायचं होतं. मी तो कान तिच्यापुढे धरून बसून राहिलो.

बाहेर भाजीवाली येऊन गेली. किती वेळ गेला ते माहीत नाही. मग ती थांबली, नाक पुसलं, उठून परत उजवीकडे आली आणि बॅगेच्या अडकलेल्या चेनला लागली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"सहा वर्षांचं होतं. झालं बोलून."

याला आता नऊ वर्षं झाली. त्यानंतर सांगलीच्या डॉक्टरांनी कान तपासले, यंत्र दिलं, उजव्यालाही जपायला सांगितलं. सोफ्यावर आता शालन उजवीकडे बसते. आई असती तर दोघांनाही उठवलं असतं. तो मोठा हेडफोन अजून चालतो, मुलाने फोनमध्ये काहीतरी करून दोन्हीकडचं गाणं एका बाजूला आणून दिलंय. पण त्या दुपारी ती काय बोलली ते मी पुन्हा विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

त्या वेळी मी चेन सोडवायला तिला मदत केली. दात वाकडा झाला होता, पक्कडीने सरळ केला, चेन बसली. बॅग बंद झाली.

"म्हंजे उद्या जाणारच?" मी विचारलं.

"जाणार. ताईला सांगितलंय."

मी मान खाली घातली. ती बॅग उचलून दाराशी ठेवायला गेली. तिथूनच वळली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बुधवारी येते. दही विरजून ठेवलंय. आणि मी फोन केला की समोर धरून वरडत बसू नका. उजव्या कानाला लावा."